चारची जागा

४ ऑक्टोबर

'प्रिय' लिहावं की नुसतं नाव, यात दोन कागद गेले. शेवटी दोन्ही सोडलं.

तुझा पत्ता तुझ्या बहिणीच्या वहीतून घेतला. तिला विचारलं नाही. तू जहाज सोडून बंदराच्या कचेरीत बसतोस, असं ती मागे म्हणाली होती. म्हणजे पत्र पोचायला हरकत नाही.

बातमी अशी. आम्ही डोंगरात गेलो होतो. मास्तर, इंजिन, बारक्या आणि मी, चौघं. सहा दिवसांचं ठरलं होतं, दुसऱ्याच दिवशी परतलो. हवा बिघडली. बारक्या पडला. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली आहे, आत सळई घातली. डोक्याला मार आहे. जिवाला धोका नाही. पण तो अजून घरं रंगवतो, शिडीवर उभा राहून. पुन्हा शिडी चढेल का, यावर डॉक्टर खांदे उडवतात.

हे तुला कळवायला हवं असं वाटलं. का, ते नीट सांगता येत नाही.

मोजणी आम्ही अजून करतो. तू लावून दिलीस तशीच. धुकं आलं किंवा झाडी दाट झाली की पुढचा 'एक' ओरडतो, मग मागचे आपापला आकडा. मास्तर एक, इंजिन दोन, मी तीन, बारक्या पाच. तू येणं बंद केल्यापासून तीननंतर आम्ही श्वासभर थांबतो आणि मग बारक्या 'पाच' म्हणतो. असं कुणी ठरवलं नव्हतं. मास्तर त्याला एकदा म्हणाला होता, तूच चार हो की. तर म्हणे, "या वयात बढती नको. जबाबदारी वाढते."

खिंडीच्या वर धुकं इतकं होतं की पुढच्याची सॅक दिसेना. वारा कानात शिरत होता. मास्तरने मोजणी लावली. चार आवाज आले. माणसं चार, आवाज चार. मास्तर चालू लागला. निवाऱ्याच्या दारात पोचलो तेव्हा आम्ही तिघं होतो.

झालं होतं ते असं, की पाच कुणी म्हटलंच नव्हतं. एक, दोन, तीन, चार, असं झालं होतं. चार बारक्या म्हणाला. गंमत म्हणून, तुझ्या आवाजात. तो तुझी नक्कल करायचा, आठवत असेल. मी ते मागून ऐकलं. त्यानंतर तो पडला असणार.

परत गेलो, शोधला. दीड तास लागला. वाटेखाली एका कपारीत होता. खालच्या चौकीवरची माणसं स्ट्रेचर घेऊन आली तेव्हा उजेड जायला आला होता.

एवढंच.


११ ऑक्टोबर

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलेलंही नव्हतं. तरी लिहितो.

काल बारक्याला पाहून आलो. सहा खाटांची खोली, त्याची खिडकीजवळची. पाय उशीवर. डोक्याची पट्टी काढली आहे, अर्धं डोकं भादरलेलं. मला पाहून म्हणाला, "ये. आज हजेरी पूर्ण. मी कुठे जात नाही."

त्याला त्या दिवसाचं फारसं आठवत नाही. सकाळचा चहा आठवतो. चौकी आठवते. नंतर एकदम इंजिनचा चेहरा, अगदी जवळ, शिव्या देत असलेला. मधलं सगळं कोरं.

वहिनी फळं चिरत होत्या. त्या म्हणाल्या, "थट्टेची खोड, दुसरं काय? वाऱ्यापावसात कुणी नकला करतं का? पाच म्हणाला असता तर लोकांना कळलं तरी असतं, मागे आहे की नाही."

बारक्या गप्प बसला. त्याला गप्प बसलेला तू पाहिला आहेस का? मी नव्हता पाहिला. मग म्हणाला, "मास्तरला सांग, माझ्यामुळे तुमची सहल बुडाली. माझंच चुकलं."

"राहू दे रे," मी म्हणालो.

"नाही, सांग तू. मला समोरासमोर बोलायला जमणार नाही."

मी मास्तरला सांगितलं. मास्तरने फोनवर मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तो चार म्हणाला, हे नक्की ना? मला पुढे नुसते आवाज आले. कुणाचा कुठला ते नाही कळलं."

"नक्की," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मला घाम आला होता. दुकानात तसं गार असतं.


१५ ऑक्टोबर

दुकानात गिऱ्हाईक नाही. पुढचं मी कुणाला लिहितो आहे ते मला नीट कळत नाही.

नक्की, असं मी म्हणालो. नक्की काय ते पाहायला मी रोज एकदा तिथे जाऊन येतो, मनातल्या मनात. पायाखाली ओले दगड. उजवीकडे वाटेच्या खुणेचे लोखंडी खांब. पुढून 'एक'. मग 'दोन', इंजिनचा, खोकल्यासारखा. मग मी 'तीन'. मग 'चार'. इथे दर वेळी गोंधळ होतो. मागून आला म्हणतो, पण मागून आला असता तर वाऱ्याने तो मला कसा दिला असता? वारा समोरून होता. मास्तरचा 'एक' मला नीट ऐकू आला तो म्हणूनच.

मग वाटतं, वारा मध्येच पडला असेल.

माझ्या धंद्यात हे रोज बघतो. माणसाच्या डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, मग दुसरं. "पहिलं बरं की दुसरं?" पहिल्या तीन-चार वेळा लोक पटकन सांगतात. मग अडखळतात. "परत दाखवा." परत दाखवलं की उलटं सांगतात. शेवटी म्हणतात, "दोन्ही सारखंच." सारखं नसतं. ते थकलेले असतात.

आज एक आजीबाई आल्या होत्या, सुनेबरोबर. मी विचारलं की सून सांगायची, "दुसरं बरं आहे त्यांना." मी म्हणालो, "ताई, त्यांना बोलू द्या." सून ओशाळली. आजीबाई म्हणाल्या, "बोलू दे तिला. तिला माझ्यापेक्षा बरं दिसतं." मला हसू आलं नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही. चौकीवरच्या माणसाने आम्हाला अडवलं होतं. "दुपारनंतर वर काही खरं नाही," म्हणाला. मास्तरने आमच्याकडे पाहिलं. बारक्या बुटाची नाडी बांधत होता. तो खालमानेने म्हणाला, "मी बसतो इथेच. तुम्ही या जाऊन." चौकीवाल्याने विचारलं, "किती जण लिहू?" मी म्हणालो, "चार. तो येतोय. त्याचं हे नेहमीचंच आहे."

बारक्याने नाडी बांधली आणि उठला.


२२ ऑक्टोबर

बारक्याला आठवलं.

आज गेलो तर वहिनी नव्हत्या. तो उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "खुर्ची ओढ. एक गंमत सांगायची आहे. तुलाच सांगतो, बाकीचे म्हणतील डोक्यावर पडलाय. पडलोच आहे म्हणा."

त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहितो, जमेल तसं.

"एका खांबाशी माझा पाय गेला. ओरडायलाही वेळ नाही मिळाला. खाली आपटलो तो उताणा. छातीतली हवाच गेली. पाय दुखत नव्हता, खरंच. वर पांढरं, सगळं पांढरं. आणि वरून मोजणी सुरू झाली. मास्तरचा एक. इंजिनचा दोन. तुझा तीन. मी म्हटलं, आता थांबतील, मग मी पाच म्हणायचं. मोठ्याने म्हणायचं, म्हणजे कळेल आवाज खालून येतोय. हवा गोळा करत होतो. आणि वरून आलं, चार."

तो थांबला. खिडकीकडे बघत होता.

"मला वाटलं, आला रे हा. निवाऱ्यात आधीच येऊन बसला असेल, आपल्याला चकवायला, आणि आता समोरून आला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पाच म्हणायचं राहूनच गेलं. पुढचं काही आठवत नाही."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"आवाज तुझ्यासारखा वाटला," तो म्हणाला. "पण म्हटलं, साला आणि मेव्हणा, होत असतील सारखे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आला होता ना तो? तुम्ही सगळे लपवताय. भांडण मिटलं नाही म्हणून परत गेला का?"

मी म्हणालो, "वारा फार होता."

हे काय उत्तर झालं? तो मान हलवत राहिला, जणू वाऱ्यामुळे सगळं समजतं.


२३ ऑक्टोबर

म्हणजे मागे कुणी नव्हतं. मोजणी सुरू झाली तेव्हा बारक्या खाली पडलेला होता. चार मी म्हणालो.

मला आठवत नाही. आठवत नाही असं लिहिलं की बरं वाटतं, म्हणून पुन्हा लिहीत नाही. इंजिन दोन म्हणाला, मास्तर एक म्हणाला. उरतो कोण? तीन म्हटल्यावर थांबायचं, तिथे मी थांबलो नाही. वाऱ्यात ती रिकामी जागा मला सोसली नसेल. किंवा काहीच झालं नसेल. जीभ पुढे गेली असेल, पायरी नसताना पाय टाकतो तशी.

मी मागे वळून पाहिलं नाही. हे मात्र आठवतं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की थांबायचं कुणी ठरवलं नव्हतं. ते खोटं आहे. मी ठरवलं होतं. तुझ्या शेवटच्या वाक्यावरून ठरवलं होतं. मास्तर आणि इंजिनला वाटतं ती तुझी आठवण आहे. ते वाक्य फक्त तुला आणि मला माहीत आहे.

नऊ वर्षं झाली, कागदावर कधी आणलं नाही. आता आणतो.

डॉक्टर म्हणाले, आईंची शस्त्रक्रिया करायची तर आत्ता. वय पाहता धोका आहे. नाही केली तर दोन-तीन दिवस. तुझी बहीण बाकावर बसली होती, हातात आईंची चप्पल. ती म्हणाली, "दादाला विचार. दादा म्हणेल तसं." मी लिफ्टजवळ गेलो. तुला फोन लावला. तू समुद्रावर होतास, लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही. लिफ्टच्या दारात स्वतःला पाहिलं, तेही आठवतं. परत येऊन म्हणालो, "दादा हो म्हणाला."

तिने सही केली. आई टेबलावरच गेल्या.

तू पाचव्या दिवशी आलास. स्वयंपाकघरात ती तुला म्हणाली, "तू हो म्हणालास म्हणून मी सही केली." तुझ्या हातात पाण्याचा ग्लास होता. तू माझ्याकडे पाहिलंस. मग पाणी संपवलंस, ग्लास ओट्यावर ठेवलास आणि म्हणालास, "हो. म्हणालो होतो."

खाली सोडायला आलो तेव्हा तू म्हणालास, "यापुढे माझ्या नावाने काही बोलू नकोस."

मला वाटलं तू हो म्हणाला असतास. अजून वाटतं. पण त्याचा काय उपयोग आहे, ते मला कळत नाही. तू काय म्हणाला असतास ते तुला तरी कधी कळलं का? मी ते म्हणण्याची वेळच तुझ्यावर येऊ दिली नाही.

ती अजून तेच धरून आहे. वर्षातून दोनदा तुला फोन करते, दोन मिनिटं. तब्येत आणि हवामान. फोन ठेवून मला म्हणते, "दादा माझ्याशी नीट बोलत नाही. त्यालाही खात असेल." आणि मी समोर बसलेला असतो, बहुतेक वेळा काहीतरी पुसत.


३० ऑक्टोबर

बारक्याला सांगितलं. मास्तर आणि इंजिनलाही बोलावून घेतलं होतं. एकदाच सांगायचं होतं. दोनदा सांगितलं असतं तर दुसऱ्या वेळी बदललं असतं, माझा भरवसा नाही.

खाटेच्या पायथ्याशी उभा राहून मी म्हणालो, "चार बारक्या नाही म्हणाला. मी म्हणालो."

इंजिनने आधी तोंड उघडलं. "आयुष्यभर लोकांचे डोळे तपासतोस आणि स्वतःच्या तोंडाचा पत्ता नाही तुला? महिनाभर हा माणूस आमची माफी मागतोय." तो उठून दारापर्यंत गेला. लिफ्टचा मेकॅनिक आहे, रागावला की दारंच तपासतो. बिजागरी हलवून पाहिली आणि परत आला.

मास्तर म्हणाला, "मी आवाज मोजले. आकडे मोजायला हवे होते. मुलांना हेच शिकवतो मी." मग चष्मा काढून पुसत बसला. काच स्वच्छ होती.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बारक्याची उशी सारखी केली, उगाचच. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर एकदा हात ठेवला.

मी बारक्याकडे बघत होतो. तो रागावेल, हसेल, काहीतरी करेल असं वाटलं. तो बराच वेळ पायाकडे बघत राहिला.

"म्हणजे तो आला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"अजिबातच नाही?"

"नाही रे."

"मग ठीक," तो म्हणाला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. पाय मोडला हे कळलं तेव्हाही त्याचा चेहरा असा नव्हता झाला.

निघताना मला थांबवून म्हणाला, "चौकीवर मी बसतो म्हणालो होतो. तेही आठवलं मला." आणि जरा वेळाने, "जा आता. उद्या ये."

'उद्या ये' याचा अर्थ काय लावायचा? मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्याने पेपर वाचून दाखवायला लावला, सगळा, जाहिरातींसकट.


२ नोव्हेंबर

गुरुवारी बारक्याला उभं करणार आहेत. वॉकर धरून खाटेपासून खिडकीपर्यंत, सहा पावलं. त्याने हुकूम सोडला आहे की सगळ्यांनी यायचं आणि मोजणी करायची. "या वेळी पुढे मी," म्हणतो. "माझ्या वेगाने चला, बघू कोण हरवतं." पुढे चालणार, पण आकडा पाचच ठेवणार. मोजणी मास्तरने मागून लावायची.

मी तीन म्हणेन आणि थांबेन. थांबणं किती लांब असतं ते मला आता माहीत आहे.

तू ये असं मी लिहीत नाही. तू काय करशील हेही मी धरून चालत नाही. हे वाक्य चार वेळा खोडून लिहिलं, तरी त्यात काहीतरी मागितल्यासारखं वाटतं. तसंच असू दे.

आधीची सहा पत्रं मी स्वतः चिकटवून पेटीत टाकली. ती तुला मिळाली असतील तर तुला सगळं माहीत आहे. तुझ्या बहिणीला नाही. मी तिच्यासमोर तीनदा बसलो. तिने तीनदा विचारलं, "काय?" मी एकदा म्हणालो, चहा टाकू का. एकदा, पंखा बंद करू का. तिसऱ्यांदा काय म्हणालो ते विसरलो.

तोंडाने मला जमत नाही. म्हणून २३ तारखेच्या पत्राचं मधलं पान, आईंचं, मी माझ्याकडच्या कच्च्या प्रतीवरून पुन्हा लिहून काढलं आहे. एक शब्द बदललेला नाही, बदलावासा वाटला तिथेही नाही. ते यासोबत ठेवतो. पाकीट चिकटवत नाही. उद्या ती कामावर जाताना तिच्या हातात देईन आणि सांगेन, आधी वाच, मग पेटीत टाक.


६ नोव्हेंबर

दादा,

अक्षर माझं आहे.

हे पाकीट तीन दिवस माझ्या पर्समध्ये होतं. पहिल्या दिवशी नुसतं पत्र वाचलं आणि सोबतचं पान तसंच घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पान वाचलं. तिसऱ्या दिवशी याला एकच विचारलं, फोन किती वेळा लावलास. दोनदा, म्हणाला. मी म्हटलं, तिसऱ्यांदा का नाही? तो फडकं घेऊन टेबल पुसायला लागला. तो समोर बसून असतो. जेवण होतं, भांडी होतात.

नऊ वर्षं मला वाटायचं, सही माझी आणि शब्द तुझा. अर्धं अर्धं. म्हणून तुझ्याशी जास्त बोलायची भीती वाटायची, अर्ध्यावरून आपण कधीतरी भांडू. आता सगळी सही माझीच आहे. तू का बोलला नाहीस? मला वाचवायला की याला? की तुला माझ्याशी बोलायचंच नव्हतं? मी रोज वेगळं उत्तर काढते.

काल बारक्यादादांकडे गेले होते. ते सहा पावलं चालले. तीननंतर, चारच्या जागी, सगळे थांबले, हाही. मला मध्येच रडू आलं, मी बाहेर गेले.

पुढच्या रविवारी दिवसभर मी घरी आहे. हा दुकानात असेल, मी पाठवते आहे. फोन कर.

तब्येत बरी आहे, हवा चांगली आहे. ते विचारू नकोस. तेव्हा फोन लागला असता तर तू काय म्हणाला असतास, ते मला सांग. तुझं तू सांग.